मानाची काठी आणि मुरकुटं

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाला एका काठीचा भारी अभिमान होता. असणारच की! दोन पुरुष उंच कळकाची काठी, टोकाला लाल निशाण. दर चैत्रात गावकरी ती घेऊन पायी निघत, वाटेत एक मुक्काम करत आणि दुसऱ्या सकाळी शिखरावर निशाण उभं करत. नियम एकच. काठी दोन्ही हातांनी धरायची आणि वाटेत मातीला टेकू द्यायची नाही. टेकली, तर त्या वर्षी निशाण नाही. आज्या-पणज्यांपासून ती एकदाही टेकली नव्हती.

त्या वर्षी काठीचा मान हैबती पैलवानाला मिळाला. दंड हे एवढाले! ते साऱ्यांना दिसावेत म्हणून गडी उघड्या अंगानंच निघाला.

बरोबरच्या माणसांत ठकूबाई होती. पन्नाशीची, काटक, शेळ्या राखणारी. तिनं अंगभर लुगडं लपेटलं होतं आणि हातापायांना करंजाचं तेल चोळलं होतं. त्या वासानं लोक नाक धरून चालत होते.

संध्याकाळी ओढा लागला. पैलवान म्हणाला, "इथंच थांबू. पाणी आहे, सावली आहे."

ठकूबाई म्हणाली, "पैलवान, इथं मुरकुटं आहेत. चिलटांहून बारीक, पण कडकडून चावतात. वर डोंगराच्या सोंडेवर वारा आहे, तिथं उतरू. आणि हे तेल लावा अंगाला."

"अगं मावशी, भले भले गडी लोळवलेत मी! चिलटांना भिऊन तेल फासू? गाव हसेल मला."

"हसू दे की. हसण्यानं अंगाला गांधी उठत नाहीत."

पण ऐकेल तो पैलवान कसला! बाकीची माणसं सोंडेवर गेली. हा काठी झाडाच्या बेचक्यात अडकवून ओढ्याकाठी एकटाच राहिला. ऊन उतरलं, वारा पडला आणि आली की मुरकुटं! कानात, मानेवर, पापण्यांवर. चापट मारावी तर लागे आपल्यालाच. पैलवान स्वतःशीच कुस्ती खेळत बसला.

सकाळी माणसं खाली उतरून आली, तेव्हा त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. तरी त्यानं काठी उचलली. दोन्ही हात अडकलेले, वाट ओढ्याच्या कडेनं, मुरकुटं सोबतीला. अंगाची आग होत होती, पण खाजवायचं कशानं? बिचारा दात खाऊन चढत होता. इतक्यात एक मुरकूट थेट डोळ्यात शिरलं आणि पैलवानाचा हात सुटला.

काठी कलली. "अरे, काठी! काठी!" सगळे ओरडले. जमीन वीतभर उरली होती. मागून येणाऱ्या ठकूबाईनं झेप घेतली आणि दोन्ही हातांनी काठी तोलली.

मानाची काठी आजवर बाईच्या हातात गेली नव्हती. सगळे पैलवानाकडे बघू लागले. त्यानं मागितली असती, तर ती मुकाट परत मिळाली असती.

पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मी सोडली, मावशी, तू धरलीस. आता मान तुझा. चल!"

झेप घेताना ठकूबाईच्या डोक्यावरचा पदर सरकला होता. मुरकुटं तिच्या तोंडावर तुटून पडली. तिचेही हात अडकलेले. पैलवानानं हे पाहिलं. मुक्कामावरून आणलेल्या मडक्यात गोवऱ्यांचा विस्तव होता, त्यावर त्यानं कडुलिंबाचा ओला पाला टाकला आणि मडकं धरून तो तिच्यापुढे चालू लागला. खोकत, डोळे पुसत तो थेट शिखरापर्यंत गेला.

निशाण फडकलं तसा खाली गावात ढोल वाजला. सोबतच्या म्हाताऱ्या पाटलांनी विचारलं, "ठकूबाई, यंदा काठी कुणी आणली म्हणून सांगायचं?"

ठकूबाई ताठ मानेनं म्हणाली, "सांगा, हात ठकूचे आणि धूर पैलवानाचा!"

पैलवान हसला. सुजलेल्या तोंडानं नीट हसताही येईना, पण कुस्ती मारल्यावरही त्याची छाती कधी इतकी फुगली नव्हती. तेव्हापासून त्या गावात काठी उचलण्याआधी धरणाऱ्याच्या अंगाला करंजाचं तेल चोळतात. तेल चोळण्याचा तो मान मात्र पैलवानाच्या घराण्याचा.

तात्पर्य: जाणत्याचं ऐकल्यानं मान जात नाही, न ऐकल्यानं हातची काठी जाते, आणि जो ती सावरणाऱ्याच्या पुढे धूर धरून चालतो, त्याचा गेलेला मानही परत येतो.