पेन ड्राइव्हचे पाय

बार्शीच्या रखमाकाकू घाडग्यांच्या पापड कारखान्यात बाहेरच्या माणसाने पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, असा कडक नियम. एकदा महागडं अँटिव्हायरस विकणारे दिवाणसाहेब टाय सावरत, कुरकुरत पाय धुऊन आत आले. तिथले म्हातारे कॉम्प्युटर पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"काकू, यांच्यावर अँटिव्हायरस कुठलं?"

"फुकटचं. हलकं आहे. जड घातलं की बिचारे मान टाकतात."

"फुकटचं?" साहेब खो-खो हसले. "फुकटचा राखणदार झोपाच काढणार! आमचं टाका, नाहीतर धंदा बुडालाच समजा." त्यांनी ऐटीत पेन ड्राइव्ह काढला.

"थांबा. आधी त्याचेही पाय धुवायचे," म्हणत काकूंनी तो दाराजवळच्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरला लावून तपासणी सुरू केली. कॉम्प्युटर घरघरला, कण्हला. साहेबांचा चहा झाला, वर दोन पापडही झाले. मग पडदा लालभडक झाला. पेन ड्राइव्हमध्ये तीन व्हायरस!

साहेबांचा चेहरा भाजलेल्या पापडासारखा आक्रसला. "मी... उद्या येतो."

"या की," काकू म्हणाल्या. "पण जाताना आमचं अँटिव्हायरस घेऊन जा, तुमच्या ऑफिसात लावा. लाजू नका, फुकटच आहे!"