ट्यूबलाइटचा कार्यकाळ

जुन्या ट्यूब काढून एलईडी दिवे लावणाऱ्या दुकानदारांना बिलात सूट मिळेल, असं वीज कंपनीनं जाहीर केलं. सोलापुरात चादरींचं दुकान चालवणाऱ्या सुलोचनाबाई येमूल यांनी लगेच दिवे बदलले, ट्यूब भंगारात घातल्या आणि कंपनीच्या कचेरीत अर्ज दिला.

तिथले घाणेकरसाहेब म्हणाले, "नवे दिवे बघायला उद्या येतो. पण त्याच जागी जुन्या ट्यूबही लागलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर त्या होत्या, हे मी कशावरून मानू?"

"एकाच जागी दोन्ही कसे दिसतील, साहेब?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

बाई उठल्या नाहीत. साहेबांच्या खुर्चीकडे त्या इतका वेळ निरखून बघत राहिल्या की साहेबच चुळबुळले. "काय शोधताय?"

"तुमच्या आधीचे साहेब. याच खुर्चीत तेही बसलेले दिसले, की मानीन तुम्ही त्यांच्या जागी आलात."

साहेब तडकले. मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाले, "ही बघा आधीच्या सगळ्या अधिकाऱ्यांची नावं, कार्यकाळासकट! आणखी काय पुरावा हवा?"

"काहीच नको," म्हणून बाई निघाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात शिरले, तर लखलखत्या दिव्याखाली तशीच लाकडी पाटी टांगलेली. 'नाव: ट्यूबलाइट. कार्यकाळ: दुकान उघडल्यापासून गेल्या सोमवारपर्यंत. हटवण्याचं कारण: खर्च फार, उजेड थोडा.'

शेवटची ओळ साहेबांनी दोनदा वाचली आणि अर्जावर सही केली.