सूनबाईने चाखायचं पाणी

शहर तळ्याच्या काठाला नुकतंच येऊन टेकलं होतं, त्या काळची गोष्ट. शेवंता बेडकी डोंगरापलीकडून सून म्हणून त्या तळ्यात आली. पोटात अंडी होती, ती याच पाण्यात घालायची होती. पण पाण्यावर फेस तरंगत होता आणि गेल्या पावसाळ्यात तिथे एकही पिल्लू निपजलं नव्हतं.

तळ्याचा रिवाज असा, की नव्या सुनेने चारचौघांत पाणी चाखून "गोड आहे" म्हणायचं. त्यातून निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून तळ्याचे प्रमुख कासवदादा मुद्दाम हजर झाले. नव्या इमारतींचा सांडपाण्याचा नाला त्यांनीच तळ्यात येऊ दिला होता. स्वतः मात्र ते त्या इमारतींच्या आवारातल्या कारंज्यात राहायला गेले होते.

"बोल सूनबाई, विरोधकांची तोंडं बंद होऊ देत," ते म्हणाले.

"गोड म्हण गं," सासू कुजबुजली. "आम्ही सगळ्यांनी म्हटलंय."

शेवंताने अळूच्या पानात पाणी घेतलं आणि मान खाली घालून कासवदादांपुढे धरलं. "मोठ्यांच्या आधी मी कशी पिऊ? आधी तुम्ही घ्या."

कासवदादांनी मान कवचात ओढून घेतली. "आज उपवास आहे माझा," आतून आवाज आला.

"उपवासाला पाणी चालतं की, दादा," मागून कुणीतरी म्हणालं. हसलं मात्र कुणीच नाही.

सासूने सुनेच्या हातातलं पान घेऊन पाणी ओतून टाकलं. "चल, तुझ्या माहेरच्या ओढ्यावर जाऊ. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात."

त्यांच्यामागून तळ्यातल्या बाकीच्या सुनाही निघाल्या. ज्यांचं माहेर त्याच तळ्यात होतं, त्यासुद्धा.