नंदीच्या कानावरची काडी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. आपल्या पणज्यांनीसुद्धा ती त्यांच्या पणज्यांकडून ऐकली होती.

एका डोंगराळ गावात म्हाळू नावाचा ओतारी राहत होता. धातूच्या मूर्ती ओतण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मात्र दुसऱ्याचे ऐकेल तर शपथ!

गावाने देवळासाठी त्याला काशाचा नंदी करायला सांगितला. घरोघरच्या बायकांनी फुटक्या थाळ्या, चेपलेल्या वाट्या आणून दिल्या. शिवरात्रीला नंदी बसला नाही, तर गावाची मान खाली जाणार होती आणि म्हाळूची त्याहून खाली.

म्हाळूने आधी मेणाचा नंदी घडवला. तो इतका हुबेहूब होता की शेजारची गाय येऊन हुंगून गेली. आता त्यावर मातीचे थर द्यायचे, साचा तापवून मेण वितळवायचे आणि उरलेल्या पोकळीत काशाचा रस ओतायचा.

तेवढ्यात त्याची बायको येसू म्हणाली, "धनी, शिंगांच्या अन् कानांच्या टोकांना मेणाच्या काड्या लावा. मेण गेलं की तिथं भोकं राहतील. नाहीतर आतली हवा जाईल कुठून?"

म्हाळू हसला. काड्यांच्या जागी धातूचे खुंट उरणार, ते कापावे लागणार, आणि आपल्या नंदीला कानस लागलेली त्याला खपणार नव्हती. घागर भरताना बुडबुडे का येतात ते जरा बघा, एवढे बोलून येसू कामाला लागली.

रस ओतला, निवला, साचा फोडला. नंदीला ना शिंगे, ना कान! तिथे हवा अडून बसली होती, रस शिरणार कुठे?

पाटलांनी बराच वेळ निरखून पाहिले. "म्हाळू, कासव झकास झालंय. नंदी कुठाय?"

एका म्हातारीला वेगळीच काळजी पडली. "अन् आम्ही गाऱ्हाणं सांगायचं कुणाच्या कानात?"

म्हाळूला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिवरात्र पंधरा दिवसांवर आली होती. त्याने पुन्हा मेणाचा नंदी घडवला आणि तो येसूपुढे ठेवला.

"सांग, काडी कुठं लावू?"

येसूने एकेक जागा बोटाने दाखवली.

या वेळी रस ओतताच चारही भोकांतून आधी हवा फुसफुसली, मग लालभडक रस वर डोकावला. शिंगे, कान, सगळे जागच्या जागी घेऊन नंदी बाहेर आला आणि शिवरात्रीला थाटात देवळापुढे बसला. गावाला कोण आनंद झाला!

म्हाळूने तीन खुंट कापले, डाव्या कानावरचा मात्र मुद्दाम ठेवला. कोणी विचारले की तो हसत सांगायचा, "ती आमच्या येसूची काडी."

आतल्या ताठ्याला बाहेर पडायला वाट ठेवली, तरच दुसऱ्याचे शहाणपण आत येते.