उंच माणसाच्या मागची जागा

एकदा एक उंच गृहस्थ घरात दुसरी गाडी आणायला निघाला. नाव वामन! आजोबांचं नाव नातवाला देताना नातू सव्वासहा फूट वाढेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का? साताऱ्यात लग्नाच्या मांडवात तोरणाखालून वाकून येणारा तो एकटाच.

पहिली गाडी घरात होतीच. पत्नी सुमेधा ती रोज कॉलेजात शिकवायला जाताना नेई, आणि सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब तिच्यातच कोंबून निघे. चालवायला वामन. गुडघे स्टिअरिंगला टेकू नयेत म्हणून तो सीट पार मागे ढकलून बसे, तरी संध्याकाळी कंबर धरून उतरे. म्हणून आता एक ऐसपैस गाडी हवी होती, आणि मुख्य म्हणजे विश्वासाची.

पण खरं कारण निराळंच होतं, आणि तेच त्याला आतून खात होतं. त्याच्या आईने दोन वर्षांपासून प्रवास सोडला होता. पाचगणीला तिची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळलेली. तिचा फोन यायचा, "येतेस का गं?" आई म्हणायची, "यायचंय गं, पण मला हल्ली गाडी लागते." फोन ठेवला की कितीतरी वेळ तशीच बसून राहायची. गाडी बदलली तर आई येईल आणि दोघी बहिणी एकमेकींना भेटतील, एवढी एकच आशा वामनला होती. अक्का आता फार दिवसांची सोबती नव्हती.

समोरच्या घरात त्याचे शाळेतले संस्कृतचे गुरुजी राहत. वय ऐंशी उलटलेलं, बोलणं मोजकं. वामन त्यांच्याकडे मुहूर्त विचारायला गेला.

"गुरुजी, गाडी ठरवलीय. चांगला दिवस सांगा."

"चांगली आहे कशावरून?"

"अहो, ज्याच्या ज्याच्याकडे आहे त्याला विचारून आलोय. कधी कुरकुर नाही, कधी बंद पडणं नाही. आणि माझे पाय सरळ होतात! गाडीत बसून पाय सरळ, आयुष्यात पहिल्यांदा!"

"मुहूर्ताचं मागाहून पाहू. आधी गाडी दाखव."

दोघे शोरूममध्ये गेले. वामनने सीट मागे सरकवली, पाठ टेकली, पाय पसरले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की सेल्समनने मनातल्या मनात पेढे वाटून टाकले. आता जरा फिरवून पाहायचं ठरलं.

"गुरुजी, पुढे बसा," वामन म्हणाला.

"नको. तुमच्या घरी बसतात तसा बसतो."

गुरुजी डावीकडच्या मागच्या दाराने आत शिरले आणि सरकत सरकत थेट वामनच्या पाठीमागे जाऊन बसले. बाकीची सगळी सीट रिकामी! वामन "अहो, अलीकडे बसा, पाय आखडतील" म्हणत राहिला. गुरुजींनी डोळे मिटले. "चालव."

गावाबाहेर चक्कर मारून गाडी परत आली तेव्हा गुरुजींना हाताला धरून उतरवावं लागलं. ते क्षणभर गाडीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आता तू तिथे बस. सीट हलवायची नाही. मी चहा घेऊन येतो, तोवर उतरायचं नाही."

"मी? गुरुजी, मी मावेन का?"

"बस."

शिष्य कितीही उंच झाला तरी शिष्यच. वामन घडी घालून आत शिरला. गुडघे सरळ जाईनात, म्हणून एका बाजूला वळवले. कंबर वाकडी झाली, मान तिरकी. नाकासमोर त्यानेच मागे ढकललेली सीटची पाठ. पुढची काच नाही, रस्ता नाही, काही नाही. गुरुजी तिकडे निवांत चहा पीत होते. आधी त्याला राग आला, मग लाज वाटली, आणि थोड्याच वेळात पोटात ढवळायला लागलं. गाडी तर जागेवर उभी होती!

गुरुजी आले. खिडकीशी वाकून त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या गाडीत ह्या जागी कोण बसायचं, वामन?"

वामनने समोरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आई."

"मी ओट्यावरून पाहायचो ना," गुरुजी म्हणाले. "आई बरोबर निघायची तेव्हा तुम्ही सगळे अदबीने थांबायचात. सून म्हणायची, आई, तुम्ही आधी. नातवंडं म्हणायची, आजी आधी. किती सुंदर रीत! पण उजवीकडून रहदारी वाहते, म्हणून तुम्ही दार उघडता डावीकडचं. जो आधी चढतो तो सरकत पलीकडे जातो, आणि पलीकडे तू असतोस, सीट मागे घेऊन. तुम्ही तिला पहिला मान दिलात, आणि त्या मानानेच तिला सगळ्यांत अडचणीच्या जागी नेऊन बसवलंत. तुला दोष देत नाही. चालवणाऱ्याचं लक्ष पुढेच असायला हवं. पण जी गाडी कुरकुर करत नाही ती भरवशाची, हे यंत्राचं झालं. माणूस कुरकुर करत नसेल, तर आपण उठून त्याच्या जागी बसून पाहावं."

वामन घडी उलगडत खाली उतरला. ती गाडी त्याने घेतली नाही.

घरी आई मेथी निवडत बसली होती. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. "आई, तुला गाडी लागते ती माझ्या सीटमुळे ना?"

"छे रे, काहीतरीच!" मग ती हसली. "कळलं होय तुला?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तू सीट पुढे घेतली असतीस. मी काय, नुसती बसणार. घाटात गाडी हाकायची तुला. तुझेच पाय आखडले तर? म्हटलं, त्यापेक्षा आपणच न गेलेलं बरं."

एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडायला लागली. दोन वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि त्याचा हिशेब तिने कुणाकडे मागितला नव्हता. मंडळी, ह्यापुढे मी तरी काय बोलू? हात जोडावेत, झालं.

पुढे वामनने गाड्या पाहिल्या त्या नव्या रीतीने. आधी स्वतःच्या मापाने सीट लावायची, मग उतरायचं आणि स्वतःच्याच मागे जाऊन बसायचं. सेल्समन तोंडावर रुमाल धरून हसायचे. एकेक देखणी गाडी ह्या परीक्षेत नापास होत गेली. शेवटी एक सापडली. दिसायला निव्वळ डबा, पण छत उंच, आणि वामनच्या मागे वामन पाय मोकळे सोडून बसू शकत होता. गुरुजी म्हणाले, "आता कुठलाही दिवस चांगला."

पहिलाच प्रवास पाचगणीचा. सुमेधा आणि मुलं मागे ऐसपैस बसली. आईला ह्या वेळी वामनने पुढे, आपल्या शेजारी बसवलं. वाई मागे पडली, पसरणीचा घाट सुरू झाला आणि आई एकाएकी गप्प झाली. वामनने तिच्याकडे पाहिलं. त्याने वेग कमी केला.

"आई, कसंतरी होतंय का गं? थांबवू?"

आई समोर बघत होती. खाली वाईची शेतं, धोम धरणाचं लांबवर पसरलेलं पाणी, त्यावर सकाळचं ऊन.

"अरे वामन," ती हळूच म्हणाली, "ह्या घाटातून मी किती वेळा गेले! डोळे मिटूनच बसायचे रे. हे एवढं सगळं इथे होतं?"

त्याने गाडी कडेला घेतली.

"हां, थांब जरा," आई म्हणाली. "नीट बघून घेते. अक्काला उठता येत नाही, तिला सगळं सांगायला हवं."