डॉर्कसबाईनं घर चढवलं

ते समोरचं तळं दिसतंय ना? आत्ता ज्याच्या काठावर तुम्ही चिप्सची पाकिटं टाकत होतात आणि मी खेकसले, तेच. त्याच्या तळाशी पूर्वी एक गाव होतं. हसू नका, खरंच होतं! फार फार वर्षांमागं, अमेरिकेतल्या आपल्या या हेमलॉक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मॉल नव्हते, सहापदरी रस्ते नव्हते, घराघरापुढं दोन-दोन गाड्या नव्हत्या. तेव्हा त्या खोलगटात शेतं होती, चर्च होतं आणि डच शेतकऱ्यांची लाकडी घरं होती. आणि त्या गावात राहायची डॉर्कस टेनआइक.

डॉर्कसबाईचा धंदा काय होता माहितेय? घरं हलवायचा! घरातलं सामान नव्हे रे, अख्खं घर! कुणाला नव्या रस्त्याजवळ जायचं असलं, की बाई यायची. जॅक लावून घर उचलायची, खाली साबण चोळलेले ओंडके सारायची आणि बैल जुंपून ओढत न्यायची. जेवणाच्या टेबलावर काठोकाठ भरलेला दुधाचा वाडगा ठेवायची आणि छाती पुढं काढून सांगायची, "थेंब जरी सांडला ना, तर नावाची डॉर्कस नाही!" एका चांभाराचं दुकान तिनं दुसऱ्या गल्लीत नेलं, तेव्हा तो आत खिळे ठोकतच बसला होता. संध्याकाळी बाहेर आला आणि स्वतःच्याच घराचा पत्ता विचारत फिरला, असं म्हणतात. आवाज तर असा, की बाई शिंकली की पलीकडच्या शेतातले घोडे उधळायचे. आणि बढाया तर विचारूच नका, ऐकून ऐकून कान किटायचे.

तर काय झालं, दूरच्या शहराला पाणी कमी पडायला लागलं म्हणून खाली नदीवर धरण बांधायला घेतलं. गाव बुडणार हे ठरलंच. धरणावर काम करायला इटलीहून मजूर आले, टेकडीच्या उतारावर झोपड्या करून राहिले. गावाचा सगळा राग निघाला त्यांच्यावर! कुणी त्यांना विहिरीवर पाणी भरू देईना. खोटं कशाला बोलू, डॉर्कसबाईही देईना. गेतानो नावाचा एक मजूर बादली घेऊन आला, तर ही काठी घेऊन त्याच्या अंगावर धावली.

हिवाळाभर बाईनं एकेक घर टेकडीवर चढवलं. आधी चर्च, मग बाकीची. शेवटी एकच घर खाली उरलं, योरिस आणि ग्रीटा या नवराबायकोचं. ग्रीटाचे दिवस भरत आले होते, म्हणून तिचं घर मागं ठेवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच ऊन तापलं, वरच्या डोंगरातलं बर्फ एकदम वितळलं आणि पाणी फुगत फुगत अंगणापर्यंत आलं. तिकडे ग्रीटाला कळा सुरू! सुईण म्हणाली, "हिला खाटेवरून हलवाल तर आई पण जाईल आणि बाळ पण जाईल."

योरिस रडायलाच लागला. डॉर्कसबाई म्हणाली, "रडतोस काय? खाट नाही हलवायची, घर हलवू!"

आणि हललं की घर! सहा जोड्या बैल, मागं पाणी, आत ग्रीटा. चढ अर्धा सरला. टेकडीवर सगळं गाव उभं होतं. घर वर येताना बघून लोकांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांनी धावत जाऊन चर्चची घंटाच वाजवायला घेतली.

अरे देवा! आता त्या गावची रीत ऐका. दुपारची घंटा झाली, की जिथं असतील तिथं बैलांना विसावा द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. घंटा ऐकली आणि बाराच्या बारा बैल थांबले. मारा, ओढा, गोंजारा, ढिम्म हलेनात! बाई ओरडतेय, "बंद करा ती घंटा!" पण पाण्याच्या गर्जनेत वर काही ऐकू जाईना. वरच्यांना वाटलं, बाई शाबासकी मागतेय. त्यांनी आणखी जोरात वाजवली.

पाणी मागच्या पायरीला लागलं. बाईनं बैल सोडून दिले, दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि अशी हाक मारली, की धरणाचे दगड थरथरले, असं म्हणतात.

झोपड्यांतून मजूर बाहेर आले. तिची भाषा त्यांना येत नव्हती, पण खिडकीतून ग्रीटाचं ओरडणं ऐकू आलं. ते कळायला भाषा कशाला लागते? सगळ्यात आधी धावला तो गेतानो. बाईच्याही पुढं जाऊन त्यानं दोर धरला. मागून चाळीस-पन्नास जण. बाई आणि योरिस डचमध्ये ओरडतायत, मजूर इटालियनमध्ये ओरडतायत, आणि घर चढतंय! दोरातून धूर निघत होता, असं म्हणतात. घर माथ्यावर टेकलं आणि आतून 'ट्यँहा' ऐकू आलं. मुलगी!

दुधाचा वाडगा? पार पालथा झाला होता. बाई रडता रडता हसली आणि म्हणाली, "गेलं माझं नाव! या पोरीला देऊन टाका." पोरीचं नाव डॉर्कस ठेवलं. आणि बाई तडक गेली, बादलीभर पाणी आणलं आणि गेतानोच्या ओंजळीत स्वतःच्या हातानं ओतलं. त्याच्यापुढं तिला मान वर करवेना.

तेव्हापासून दर वसंतात काउंटीतली माणसं एक लहानसं लाकडी घर दोरानं ओढत या टेकडीवर चढवतात. आत वर्षातलं सगळ्यात लहान बाळ आणि त्याची आई बसते. घंटेला त्या दिवशी फडकं बांधतात. आणि दोराचं पहिलं टोक कुणाच्या हाती देतात माहितेय? जो काउंटीत सगळ्यात शेवटी राहायला आला त्याच्या. कुठून आला, कसा दिसतो, इथली भाषा येते का, काही विचारत नाहीत. तेवीस वर्षांपूर्वी ते माझ्या हातात दिलं होतं. इथं मला कुणी नावानं ओळखत नव्हतं, आणि मागं हजार माणसं माझ्या ओढण्याची वाट बघत उभी होती. मी हमसून हमसून रडले, सांगायला लाज कसली!

चला, उठा, आजच तो दिवस आहे, बाळाला घेऊन त्याची आई त्या लाकडी घरात बसलीय. शर्वरी, तू मागच्याच आठवड्यात आलीस ना नाशिकहून? मग आईच्या मागं काय लपतेस? पुढं ये, धर दोर. आणि ओरड बाई, मराठीतच ओरड!