बेचाळीस मयतांचं तेरावं

“पुरात बेचाळीस बळी!” दिवाणजींनी भर दरबारात यादी फडकवली. “सगळे या काशिबा नावाड्याच्या होडीत होते. यानंच बुडवले!”

“उद्या आकडा घाटावरच्या शिळेवर कोरा आणि याला फासावर द्या!” राजा भद्रसेनानं फर्मावलं. एकदा बोलला की बोलला, असला हट्टी राजा!

काशिबाची पोर गौरा पुढं झाली. बाप फासावर जायची वेळ, पण जीभ शाबूत होती. “महाराज, बाबांनी सगळ्यांना पैलतीरी सुखरूप उतरवलं. तिथून ते पांगले डोंगरातल्या सोयऱ्यांकडं. प्रेत एक तरी सापडलं का?”

“सापडलं नाही म्हणजे वाहून गेलं!” दिवाणजी गुरकावले.

“अहो, मेला तो बळी. सापडत नाही तो नुसता बेपत्ता. तुमची पगडी सकाळी सापडत नाही, तेव्हा सुतक पाळता का?”

दरबार फिस्सकन हसला. राजा मात्र नाही. “मग उद्या दुपारी बेचाळीसच्या बेचाळीस उभे कर! एक जरी कमी भरला, तरी तुझा बाप फासावर!”

डोंगरात वीस वाड्या आणि हातात एक दिवस! गौरानं डोकं खाजवलं. “करते. पण महाराज, उद्या पुराला तेरा दिवस होतात. तुमच्या बळींचं तेरावं तुम्हीच घाला. साजूक तुपातले बुंदीचे लाडू! आणि डोंगरभर नावानिशी दवंडी पिटा.”

दुसऱ्या दिवशी पंगतीत सगळ्यांत पुढं कोण? खुद्द मयत! “तेरावं माझं, तर पहिला लाडू मला!” म्हणून एक म्हातारी वाढप्याशी भांडत होती.

दिवाणजी यादीवर खुणा करत गेले आणि एकदम उसळले, “एक्केचाळीसच! रंगोजी नाही! एक बळी तरी गेलाच!”

काशिबानं पंगतीतली डोकी पुन्हा मोजायला घेतली.

“रंगोजी? तो तर आमच्या गावचा जावई!” गौरा म्हणाली. “नुसत्या दवंडीवर कुठला जावई जेवायला येतो? मानाचं बोलावणं करा!”

राजानं स्वतः हाक दिली, “जावईबापू, जेवायला चला!”

पंगतीशेजारच्या वडामागून घुश्श्यातला आवाज आला, “सकाळपासून इथंच बसलोय! दिवाणजी हात धरून नेतील, तरच येईन!”

गेले बिचारे दिवाणजी! रंगोजीला त्यांनी हात धरून पाटावर आणून बसवलं.

“हरलो बाई!” राजा म्हणाला. “कोरू का शिळेवर, ‘बळी शून्य’?”

“जरा थांबा, महाराज! जावईबापूंचा बाविसावा लाडू चाललाय. तो खाली उतरू दे!”

राजा पोट धरधरून हसला. काशिबाला नवी कोरी होडी मिळाली आणि बळींचा आकडा तपासायचं काम त्या दिवसापासून गौराकडं आलं.